उपमेची पारख

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या गावाचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. ज्यांना मराठीचे आद्यकवी म्हणतात, त्या मुकुंदराजांची समाधी येथे आहे. त्यांचा 'विवेकसिंधू' हा ग्रंथ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये रचला गेला, असे परंपरा मानते. त्यानंतर सुमारे चार शतकांनी दासोपंत (१५५१–१६१५) हे संतकवी येथे राहिले. त्यांनी भगवद्गीतेवर 'गीतार्णव' नावाची प्रचंड टीका लिहिली. सुमारे चाळीस फूट लांबीच्या जाड कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा वेदान्तातील विषय लिहून काढला. ते कापड 'दासोपंतांची पासोडी' या नावाने प्रसिद्ध आहे.

या दोन ग्रंथांच्या नावांकडे क्षणभर लक्ष द्यावे. सिंधू म्हणजे समुद्र आणि अर्णव म्हणजेही समुद्रच. विवेक हाच सिंधू, गीता हीच अर्णव, असा त्या नावांचा अर्थ. अंबाजोगाईपासून समुद्र कितीतरी दूर. उन्हाळ्यात या मुलखातील ओढे आटतात, विहिरींचे तळ दिसू लागतात. अशा ठिकाणी राहणाऱ्या कवींना ज्ञानाचे वर्णन करताना समुद्रच आठवावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्ञान डोळ्यांना दिसत नाही. त्याची खोली हाताने मोजता येत नाही. जे दिसत नाही ते दाखवावयाचे झाले, तर जे दिसते त्याचा आधार घ्यावा लागतो. ज्ञानेश्वरांनी इ. स. १२९० मध्ये पूर्ण केलेल्या गीताटीकेचे नावही 'भावार्थदीपिका' असेच आहे. तेथे अर्थ दाखविण्यासाठी दिवा आला, येथे ज्ञान दाखविण्यासाठी समुद्र आला.

अशा बोलण्यास अलंकारिक भाषा म्हणतात. 'अलंकार' या शब्दाचा दागिना हा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. परंतु त्या शब्दातील 'अलम्' याचा मूळ अर्थ 'पुरेसे' असा आहे. बोलणे जेथे अपुरे पडते, तेथे ते पुरे करणारा तो अलंकार. म्हणून अलंकार केवळ शोभेसाठी असतो, असे समजू नये. तो नीट वापरला तर सत्य उजळते. न पारखता वापरला तर एखाद्यावर अन्यायही होतो. हे कसे घडते, ते याच जिल्ह्यातील एका शाळेत घडलेल्या पुढील प्रसंगावरून कळून येईल.

इ. स. २०१६ सालचा एप्रिल महिना होता. लागोपाठ दोन वर्षे पावसाने ओढ दिली होती. केज तालुक्यात मांजरा नदीवर धनेगाव येथे मोठे धरण आहे. ते कोरडे पडले होते. या धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. धरणाच्या परिसरातील खेड्यांतूनही टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लागत होत्या.

अशाच एका खेड्यातील शाळेत सातवीच्या वर्गाची वार्षिक परीक्षेपूर्वीची उजळणी चालू होती. त्या शाळेत मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय एकच गुरुजी शिकवीत. इंग्रजीच्या तासास 'टँटलाइज' हा शब्द आला. हाती न येणाऱ्या वस्तूची आशा दाखवून एखाद्यास तळमळावयास लावणे, असा त्या क्रियापदाचा अर्थ. गुरुजींनी अर्थ सांगितला आणि मग त्या शब्दामागची ग्रीक कथाही सांगितली.

टँटलस नावाचा एक राजा होता. तो देवाधिदेव झ्यूस याचा पुत्र. त्याला देवांच्या पंक्तीस बसण्याचा मान मिळाला होता. परंतु त्याने त्या मानाचा विश्वासघात केला. त्याच्या अपराधाविषयी ग्रीकांमध्ये निरनिराळ्या कथा आहेत. त्यांपैकी एका कथेप्रमाणे त्याने देवांचे अमृत चोरून आपल्या मर्त्य सोबत्यांस दिले. या अपराधाबद्दल त्याला पाताळात भयंकर शिक्षा झाली. ती होमर या महाकवीच्या 'ओडिसी' काव्यात वर्णिलेली आहे. टँटलस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे. तहानेने व्याकूळ होऊन तो वाकला, की पाणी तत्क्षणी नाहीसे होते आणि पायाखाली काळी माती दिसू लागते. डोक्यावर डाळिंबांनी आणि अंजिरांनी लवलेल्या फांद्या आहेत. त्याने हात वर केला, की वारा त्या फांद्या उंच उडवून नेतो. समोर सर्व काही आहे आणि मुखात काहीही नाही, अशी ही शिक्षा!

कथा ऐकून वर्ग स्तब्ध झाला. गुरुजींनी सांगितले, "या कथेचा उपयोग करून प्रत्येकाने घरी एक वाक्य लिहून आणावे. त्यात उपमा असली पाहिजे."

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे जात आणि ती आजीजवळ राहून शिकत असे. तिने संध्याकाळी वहीत लिहिले : 'आमच्या गावची माणसे टँटलससारखी आहेत, धरण त्यांच्या समोर आहे, पण प्यावयास पाणी नाही.' वाक्य तिला फार आवडले. तिने ते आजीला वाचून दाखविले आणि टँटलसाची कथाही सांगितली. आजीने सारी कथा लक्षपूर्वक ऐकली व विचारले, "मग त्येला येवढी शिक्षा कशापायी?"

"त्याने देवाचे अमृत चोरले होते," मुलगी म्हणाली.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आन् आपुन गं बाई? आपुन कुनाचं काय चोरलं?"

मुलीला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वाक्य वाचावयास सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, माझे वाक्य चुकले. मी ते खोडणार आहे." आणि तिने आजीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

गुरुजी म्हणाले, "बाळ, खोडू नकोस. तुझ्या आजींनी विचारला, त्याहून चांगला प्रश्न या वर्गात आजवर कोणी विचारलेला नाही. आजची आपली उजळणी याच प्रश्नापासून करू." त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिले.

उपमेची चार अंगे असतात. ज्याचे वर्णन करावयाचे ते उपमेय. या वाक्यात गावची माणसे हे उपमेय आहे. ज्याच्याशी तुलना करावयाची ते उपमान. येथे टँटलस हे उपमान. दोघांमध्ये सारखा असणारा गुण तो साधारण धर्म. येथे पाण्याची आशा समोर असून तहान न भागणे हा तो धर्म. आणि 'सारखा', 'समान', 'प्रमाणे', 'जणू', 'परी' यांसारखा शब्द म्हणजे साम्यवाचक शब्द. इंग्रजीत उपमेस 'सिमिली' म्हणतात आणि तेथे 'लाइक' व 'ॲज' हे शब्द साम्यवाचकाचे काम करतात. संस्कृतातील 'उपमा' हा शब्दच मोठा बोलका आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'मा' म्हणजे मोजणे. दोन वस्तू जवळजवळ ठेवून त्यांचे मोजमाप करणे, ही उपमा.

"आता मोजून पाहा," गुरुजी म्हणाले. "तहान दोघांकडे आहे, माप जुळले. समोरून पाणी नाहीसे होणे दोघांकडे आहे, तेही जुळले. परंतु टँटलसाकडे अपराध आहे आणि गावाकडे अपराध नाही. येथे माप जुळत नाही. उपमान हा मोठ्या घरचा पाहुणा असतो, मुलांनो. तो एकटा कधीच येत नाही. आपली सारी कथा बरोबर घेऊन येतो. आपण त्याला तहान दाखविण्यासाठी बोलावले आणि तो शिक्षेची बेडीही घेऊन आला. ऐकणारा म्हणेल, हे लोक आपल्याच पापाचे फळ भोगीत आहेत."

तेव्हा एका मुलाने विचारले, "मग गुरुजी, परकी कथा वापरूच नये काय?"

गुरुजी हसून म्हणाले, "परकी की आपली, हा प्रश्नच नाही. ठाऊक असलेली की नसलेली, हा खरा प्रश्न आहे." आणि त्यांनी पुराणकथांवरून आलेल्या शब्दप्रयोगांची उजळणी घेतली.

एखाद्या प्रसिद्ध कथेचा नुसता निर्देश करून अर्थ सुचविणे, यास इंग्रजीत 'अल्यूजन' म्हणतात. मराठी बोलणारी माणसे हे दिवसातून दहा वेळा करीत असतात. फार झोपणाऱ्यास कुंभकर्ण म्हणतात. हमखास गुण देणाऱ्या औषधास रामबाण म्हणतात. धड इकडे ना तिकडे अशी अवस्था झाली की त्रिशंकूची आठवण होते. ओलांडू नये अशा मर्यादेस लक्ष्मणरेषा म्हणतात. यांतील प्रत्येक शब्द म्हणजे घडी घातलेली एक कथाच आहे. ज्याला कथा ठाऊक आहे त्याच्यापुढे घडी उलगडते. ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती नुसती घडी राहते. इंग्रजी भाषेत अशा घड्या बहुधा ग्रीक कथांच्या आणि बायबलच्या असतात. इंग्रजी शिकणाऱ्याने म्हणूनच ग्रीक कथा वाचाव्यात. आणि ज्याला रामायण-महाभारत ठाऊक आहे, त्याला त्या परक्या वाटत नाहीत.

परळी वैजनाथ हे क्षेत्र बीड जिल्ह्यातच आहे. देवदानवांनी समुद्रमंथन केल्यावर निघालेले अमृत आणि धन्वंतरी यांस विष्णूने तेथील शिवलिंगात लपविले, अशी तेथील कथा आहे. मंथनातील अमृत राहूने वेष पालटून प्राशन केले आणि विष्णूच्या सुदर्शन चक्राने त्याचे मस्तक उडविले. टँटलसानेही अमृत चोरले आणि शिक्षा भोगली. अमृत देवांचे आहे आणि ते चोरणाऱ्यास शासन होते, ही कल्पना दोन्हीकडे दिसते. भाषांचे नातेही असेच दूरचे पण खरे आहे. विल्यम जोन्स या पंडिताने इ. स. १७८६ मध्ये कलकत्त्यास दिलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. आकाशदेवतेचे वेदातील 'द्यौस्' हे नाव आणि ग्रीकांचे 'झ्यूस' हे नाव एकाच मुळाचे आहे, हे भाषाशास्त्राने पुढे दाखवून दिले.

तथापि, नाते दिसले म्हणून दोन कथा एकच आहेत असे मानू नये. ग्रीकांचा महावीर अकिलीस याच्या बाबतीत होमरनंतरच्या कवींनी एक कथा सांगितली आहे. त्याची आई थेटिस हिने त्याला बालपणी स्टिक्स नदीत बुडविले, त्यामुळे त्याचे शरीर अभेद्य झाले. परंतु जी टाच तिने हातात धरली होती ती कोरडी राहिली आणि तेथेच बाण लागून तो मेला. यावरून इंग्रजीत बलवान माणसाच्या दुबळ्या जागेस अकिलीसची टाच म्हणतात. आपल्याकडे लोककथेत सांगतात, की गांधारीच्या दृष्टीने दुर्योधनाचे शरीर वज्रासारखे झाले. लाजेने झाकलेली मांडी तेवढी तशीच राहिली आणि भीमाची गदा तेथेच पडली. दोन्ही कथांत आई मुलास वाचवू पाहते आणि दोन्हींत एक जागा उरतेच. मात्र अकिलीसच्या टाचेत कोणाचाही दोष नाही. दुर्योधनाच्या मांडीमागे द्रौपदीच्या अपमानाची आठवण आहे. म्हणून एखाद्या सज्जनाचा दुबळेपणा सांगताना अकिलीसची टाच शोभेल. दुर्योधनाची मांडी शोभणार नाही.

दुसरे उदाहरण पाण्याचेच आहे. अतिशय कष्टाच्या कामास इंग्रजीत हर्क्युलिसचे काम म्हणतात आणि मराठीत भगीरथ प्रयत्न म्हणतात. ऑजियस राजाचा वर्षानुवर्षे न झाडलेला प्रचंड गोठा एका दिवसात साफ करण्याचे काम हर्क्युलिसवर आले, तेव्हा त्याने नद्यांचा प्रवाह वळवून त्या गोठ्यातून सोडला. भगीरथानेही नदीच आणली. परंतु सगराच्या साठ हजार पुत्रांच्या उद्धारासाठी गंगा आणण्याचा प्रयत्न अंशुमानाने केला, त्याचा पुत्र दिलीप याने केला आणि अखेर दिलीपाचा पुत्र भगीरथ यास यश आले. हर्क्युलिस म्हटले की एका वीराचे सामर्थ्य डोळ्यांपुढे येते. भगीरथ म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या न सुटलेला ध्यास आठवतो. ज्या गावाने वर्षानुवर्षे बांध घालून, झाडे लावून पाणी अडविले, त्याच्या कामास कोणता शब्द अधिक शोभेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कथा विसरली म्हणजे काय होते, हे मिडास राजाच्या उदाहरणावरून कळते. हात लावीन त्याचे सोने व्हावे, असा वर त्याने मागितला. वर मिळाला, परंतु घास हाती घेताच त्याचेही सोने होऊ लागले. उपासमारीची वेळ आली, तेव्हा त्याने वर परत घेण्याची विनवणी केली. ही कथा लोभाविरुद्ध इशारा देते. भस्मासुरासही त्याचा वर असाच भोवला. तरी हाती घेतलेला प्रत्येक व्यवसाय भरभराटीस आणणाऱ्या माणसाची स्तुती करताना इंग्रजीत 'मिडासचा स्पर्श' असे खुशाल म्हणतात! स्तुतीसाठी आपल्या भाषेत परीस आहे. परीस लोखंडाचे सोने करतो, अन्नाचे करीत नाही.

यानंतर गुरुजींनी इतर अलंकारांची थोडक्यात उजळणी घेतली. उपमेय हे जणू उपमानच आहे, अशी कल्पना केली की उत्प्रेक्षा होते : 'कोरडे धरण म्हणजे जणू उपडे पडलेले रिकामे आभाळच!' उपमेय आणि उपमान एकरूप मानले की रूपक होते : 'विवेकसिंधू', 'गीतार्णव'. रूपकास इंग्रजीत 'मेटाफर' म्हणतात. हा शब्द ग्रीक असून 'एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेणे' असा त्याचा मूळ अर्थ आहे. ग्रीस देशात आजही मालवाहतुकीस याच शब्दाने संबोधतात. बीड शहराजवळ निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली एक प्रसिद्ध विहीर आहे. तिला लोक 'खजाना विहीर' म्हणतात. पाण्यास खजिना मानणारे हे नाव कोणा कवीच्या ग्रंथातील नाही. ते लोकांच्या तोंडचे रूपक आहे.

निर्जीव वस्तू सजीवाप्रमाणे वागते असे वर्णन केले की चेतनगुणोक्ती होते. बालाघाटाच्या दरीत हाक मारली म्हणजे डोंगर ओ देतो, असे आपण म्हणतो. ग्रीकांनी त्या प्रतिध्वनीची एक वनदेवताच कल्पिली. तिचे नाव एको. हेरा देवीच्या शापामुळे तिला दुसऱ्याचे शेवटचे शब्दच तेवढे उच्चारता येत. पुढे झुरून झुरून तिचा केवळ आवाज उरला. इंग्रजीत प्रतिध्वनीस आजही 'एको' हेच नाव आहे. वस्तुस्थितीहून फार वाढवून सांगितले की अतिशयोक्ती होते. एकच अक्षर पुनःपुन्हा आले की अनुप्रास होतो. आणि एकाच शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष होतो.

तास संपत आला होता. गुरुजींनी शेवटी शब्दशक्ती सांगितली. "सारा गाव जत्रेस लोटला, असे म्हटले तर घरे आणि झाडे जत्रेस जात नाहीत, माणसे जातात. शब्दाचा सरळ अर्थ घेता येत नाही, म्हणून त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो. या शक्तीस लक्षणा म्हणतात. अशाच प्रयोगास इंग्रजीत 'मेटॉनिमी' असे नाव आहे. तुमच्या रोजच्या बोलण्यातले एखादे उदाहरण सांगा पाहू."

मुले विचार करू लागली. ती मुलगी हळूच उभी राहिली. "गुरुजी, कोयता."

ऊस तोडावयास जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात, हे त्या वर्गातील प्रत्येकास ठाऊक होते. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. टोळीत किती कोयते आहेत, असे विचारतात. किती माणसे आहेत, असे विचारीत नाहीत. जोडीपैकी एकच माणूस असेल तर त्याला 'अर्धा कोयता' म्हणतात. परंतु हा शब्द अलंकारिक आहे, हे त्या दिवसापर्यंत कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

गुरुजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग ते गंभीरपणे म्हणाले, "अगदी बरोबर. हातातल्या हत्याराच्या नावाने ते धरणाऱ्या माणसांचा बोध होतो, म्हणून ही लक्षणा. इंग्रजीतही कारखान्यातील मजुरांस 'हँड्स', म्हणजे नुसते हात, असे म्हणण्याची रीत आहे. आता कालचेच माप येथे लावून पाहा. या शब्दाने काय दिसते आणि काय झाकले जाते?"

वर्गातून एकामागून एक उत्तरे आली. काम दिसते. मजुरी दिसते. माणूस झाकला जातो. त्याचे नाव झाकले जाते. थंडीत पहाटे उठणे दिसत नाही. मागे गावी राहिलेली मुले दिसत नाहीत. गुरुजी प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहीत गेले. कोणत्याही उत्तरावर त्यांनी टीका केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वहीत दोन नवी वाक्ये लिहून आणली. पहिले वाक्य असे होते : 'टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी हजेरीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या दिसतात, त्यांचा काहीच अपराध नसतो.' आणि दुसरे : 'मुकादमाच्या वहीत माझे आईवडील एक कोयता आहेत, घरी आले की ते दोन माणसे होतात.'

गुरुजींनी दोन्ही वाक्यांखाली बरोबरची खूण केली. पहिल्या वाक्यातील उपमा त्यांनी वर्गास समजावून सांगितली. दुसऱ्या वाक्याविषयी मात्र त्यांनी काही सांगितले नाही. ते त्यांनी मोठ्याने दोनदा वाचून दाखविले.

सोन्याची पारख सोनार कसोटीच्या दगडावर करतो. उपमेची पारख करावयाची, तर तिच्यामागची कथा ठाऊक पाहिजे आणि जिच्यावर ती लावावयाची ती वस्तूही डोळे उघडून पाहिलेली पाहिजे. पहिली गोष्ट ग्रंथ वाचून साधते. दुसरी आपल्या गावाकडे नीट पाहून साधते. त्या आजी शाळेत शिकलेल्या नव्हत्या, तरी दुसरी गोष्ट त्यांच्याजवळ पुरेपूर होती. म्हणूनच नातीच्या वहीतील चूक त्यांच्या प्रथम ध्यानात आली.

स्वाध्याय

१. 'विवेकसिंधू' आणि 'गीतार्णव' या नावांत कोणता अलंकार आहे? तो स्पष्ट करा.

२. मुलीच्या पहिल्या उपमेतील उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द लिहा. ती उपमा कोठे जुळत नाही?

३. हर्क्युलिस व भगीरथ यांच्या कथांतील साम्य आणि भेद प्रत्येकी दोन-दोन वाक्यांत सांगा.

४. 'मिडासचा स्पर्श' हा शब्दप्रयोग स्तुतीसाठी वापरणे योग्य आहे काय? कारण द्या.

५. कुंभकर्ण, रामबाण, त्रिशंकू, लक्ष्मणरेषा : यांपैकी एका शब्दामागची कथा घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून ऐका व आपल्या शब्दांत लिहा.

६. आपल्या गावातील धंद्यांत माणसांना हत्याराच्या, वस्तूच्या किंवा जागेच्या नावाने संबोधतात काय? एक उदाहरण शोधा. त्या शब्दाने काय दिसते व काय झाकले जाते, ते पाच ओळींत लिहा.